दोन्ही समीकरणांत ठेवून बघा

गणपतीत गावी गेलो होतो तेव्हा मोदकांचं सारण ढवळता ढवळता वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय." शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर बोर्डाचा हा फॉर्म भरावा लागतो, आमच्याकडे सगळे त्याला सतरा नंबरच म्हणतात. वहिनी अडतीस वर्षांच्या, आठवी पास, नववीत असताना घरच्या अडचणीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यानंतर लग्न, दोन मुलं, आणि गेली पंधरा वर्षं विट्याजवळच्या आमच्या गावात शिवणकाम. मराठी, इतिहास, विज्ञान वाचून होईल म्हणाल्या, भूमितीचंही बघू, "पण ते बीजगणित काय झेपत नाही, त्याला कुठलं पुस्तक घ्यायचं तेवढं तुम्ही बघा."

मी पुण्याला आलो आणि पुढच्याच शनिवारी अप्पा बळवंत चौकात गेलो. बालभारतीचं दहावीचं गणित भाग १, म्हणजे बीजगणित, घेतलं, दोन डायजेस्ट घेतली, अपेक्षित प्रश्नांचा संच घेतला, शिवाय एका ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन काढलं, साडेतीन हजारांचं, कारण फोनवर बोलणाऱ्या मुलाने सांगितलं की सगळं मराठीत आहे. निघालं ते बरंचसं हिंदीत, पैसे काही परत मिळाले नाहीत. दसऱ्याला हा सगळा ढीग वहिनींना नेऊन दिला. महिन्याभराने विचारलं तर प्रत्येक पुस्तकातलं पहिलं प्रकरण उघडलेलं, पहिल्या सरावसंचातली दोन-तीन उदाहरणं केलेली, आणि तिथेच गाडी थांबलेली. मला वाईट वाटलं, कारण वहिनी आळशी नाहीत, दिवसाला चार ब्लाऊज शिवून रात्री दहाला वही उघडणारी बाई आहे ती. म्हणजे चूक निवडीत होती आणि निवड माझी होती.

मग ठरलं की रोज रात्री जे काही केलं असेल त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, बरोबर असो की चूक, खोडाखोड न पुसता. पहिल्याच आठवड्यात आलेला एक फोटो मी अजून डिलीट केला नाही. पुस्तकात इंग्रजी एक्स-वाय असतात, मी इथे क्ष आणि य लिहितो, आमच्या सरांच्या तोंडी तेच असायचं. उदाहरण असं होतं: ३क्ष + २य = १३ आणि ३क्ष − य = ७. वहिनींनी वरच्यातून खालचं वजा केलं. ३क्ष गेले, १३ वजा ७ म्हणजे ६, आणि २य वजा य म्हणून य, म्हणजे य = ६. तो ६ खालच्या समीकरणात ठेवला, ३क्ष = १३, क्ष म्हणजे तेरा छेद तीन. खाली व्हॉइस मेसेज: "भाऊजी, पुस्तकात मागे उत्तर चुकलंय. ते ३ आणि २ म्हणतायत. मी ताळा केलाय, माझं बरोबर येतंय."

आणि ताळा खरंच केला होता! खालच्या समीकरणात किमती ठेवल्या, तेरा वजा सहा, सात. बरोबर. मी दोन मिनिटं त्या फोटोकडे बघत बसलो, कारण ही बाई बीजगणितातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपण होऊन करत होती, नववीत शाळा सुटली तरी कुठल्यातरी बाईंनी लावलेली ताळ्याची सवय सुटली नव्हती. फक्त ताळा एकाच समीकरणात केला होता, आणि क्ष त्याच समीकरणातून काढलेला असल्यामुळे तो तिथे जुळणारच होता. मी एवढंच लिहिलं, "दोन्ही समीकरणांत ठेवून बघा." पाच मिनिटांनी फोटो आला, वरच्या ओळीत तेरा अधिक बारा पंचवीस, आणि पंचवीसभोवती लाल गोल. पुस्तकाला तिथे तेरा हवे होते. त्यानंतर अर्धा तास काहीच नाही, आणि मग मेसेज, "वजा य वजा केलं की अधिक होतं का? म्हणजे ३य?"

त्या रात्री मला कळलं की मी दहावीची पुस्तकं घेत सुटलो होतो आणि वहिनींची अडचण दहावीत नव्हतीच. वजाबाकी करताना वजा चिन्हाचं काय होतं, कंसाच्या आधी वजा असला की आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह का बदलतं, हे दहावीचं पुस्तक शिकवत नाही, त्याने ते धरूनच चाललेलं असतं, आणि त्यात पुस्तकाचा दोष नाही. हे सगळं सहावीच्या पूर्णांक संख्यांत आहे, सातवीच्या पूर्णांकांच्या गुणाकार-भागाकारात आणि बैजिक राशींत आहे, आठवीच्या विस्तार सूत्रांत आणि अवयवांत आहे. बालभारतीच्या साइटवर ही सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आणि आमच्या गावात तर शेजारच्या मुलांची जुनी पुस्तकं पोत्यात बांधून माळ्यावर होती. सहावी, सातवी, आठवी, तीन पुस्तकं, खर्च शून्य. साडेतीन हजारांपेक्षा यांनी जास्त काम केलं हे मी अगदी मनापासून सांगतो.

लोक मला विचारतात ना, मुलाला बीजगणित जड जातंय, कुठलं पुस्तक घेऊ, तर मी आधी विचारतो, त्याची वही बघितलीत का? गुण नाही, वही. कुठल्या ओळीवर पाय घसरतो ते बघा, ती ओळ ज्या इयत्तेची असेल ते पुस्तक घ्या. दहावीच्या मुलाला सातवीचं पुस्तक देताना आपल्यालाच लाज वाटते, मुलाला कमीपणा वाटेल असं वाटतं. वहिनींना काही वाटलं नाही, त्या म्हणाल्या, उसवायचं असेल तर जिथे टाका चुकलाय तिथपर्यंत उसवावंच लागतं, वरून शिवून भागत नाही.

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा मी त्यांच्या कटिंगच्या टेबलाशी बसलो होतो. वर्तमानपत्राच्या कागदावर ब्लाऊजचं ड्राफ्टिंग चाललं होतं. छत्तीस छाती, चौथा भाग नऊ, त्यात शिलाईला दीड इंच, साडेदहावर खूण. चौतीसला साडेआठ आणि दीड, दहा. तोंडाने बोलत, टेपने मोजत. मग एका गाठोड्यातून आधीच कापलेला एक तुकडा निघाला, नाव लिहिलेली चिठ्ठी हरवलेली. वहिनींनी टेप लावली, अकरा भरला, आणि लगेच म्हणाल्या, "हे अडतीसचं, म्हणजे वरच्या आळीतल्या काकूंचं." मी म्हटलं, वहिनी, आता काय केलंत? "काय केलं, दीड काढला, साडेनऊ राहिले, चौपट केली." मी कागदाच्या कडेला लिहिलं, क्ष छेद ४ अधिक दीड बरोबर ११, आणि खाली त्यांच्याच पायऱ्या समीकरणात मांडल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे क्ष हे काकूंचं माप."

माप. काकू नव्हे, छाती नव्हे, माप, म्हणजे इंचांची संख्या. हा शब्द त्यांनी आपण होऊन वापरला याचं मला फार बरं वाटलं, कारण बरीच पुस्तकं आणि व्हिडिओ इथेच मुलांना फसवतात. ३ केळी अधिक २ सफरचंद, केळी आणि सफरचंद मिळवता येत नाहीत, तसंच ३अ अधिक २ब मिळवता येत नाही, असं शिकवतात. बेरजेपुरतं चालून जातं. पुढे अ गुणिले ब आलं की केळी गुणिले सफरचंद म्हणजे काय ते कुणालाच सांगता येत नाही, आणि अ चा वर्ग आला की तर संपलंच. अक्षर म्हणजे वस्तू नाही, अक्षर म्हणजे आपल्याला अजून माहीत नसलेली संख्या. कुठलंही नवीन साधन निवडायला घेतलं की मी आता पहिला धडा एवढ्याच एका गोष्टीसाठी बघतो, फळं दिसली की बाजूला ठेवतो.

भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत बीजगणिताचा स्वतंत्र भाग लिहिला त्यात अज्ञात संख्यांना रंगांची नावं आहेत, पहिली ती यावत्तावत् म्हणजे जेवढी असेल तेवढी, आणि पुढच्या कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळी, निळी, पिवळी, तांबडी. त्यांच्याही आधीपासून ही रीत होती. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या मागे दोऱ्याच्या रिळांची फळी होती, काळं, निळं, पिवळं, तांबडं, सगळं तिथेच. पुढचे काही दिवस वहीत क्षच्या जागी काळ्या पेनाने का आणि यच्या जागी निळ्या पेनाने नी लिहून यायचं, मी काही बोललो नाही, आठवड्याभराने आपोआप क्ष-य सुरू झाले.

आणि शिवणकामाचाच विषय निघालाय म्हणून ऑयलरची गोष्टही सांगतो. लेओनार्ड ऑयलर, अठराव्या शतकातला सगळ्यात मोठा गणिती, सेंट पीटर्सबर्गमध्ये असताना त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती, तेव्हा त्याने बीजगणिताचं एक पुस्तक तोंडी सांगून लिहवून घेतलं. जर्मन आवृत्ती १७७० ची. लिहून घेणारा होता एका शिंप्याकडे उमेदवारी केलेला तरुण, गणिताचं शिक्षण नसलेला, आणि त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की लिहून घेता घेता तो स्वतः बीजगणित शिकला, अवघड उदाहरणंही सोडवायला लागला. मला यातलं "लिहून घेता घेता" फार महत्त्वाचं वाटतं. हात चालत होता त्याचा. हे ऐकून वहिनी एवढंच म्हणाल्या, "शिंप्याला माप चुकवून चालत नाही, कापड परत मिळत नाही."

व्हिडिओंबद्दल माझं मत मात्र थोडं बदललंय. पूर्वी मला वाटायचं की चांगला समजावून सांगणारा मिळाला की झालं. वहिनी मशीनवर बसून व्हिडिओ लावायच्या, सगळं कळल्यासारखं वाटायचं, आणि वही घेतली की पहिल्याच ओळीला अडायचं, कारण व्हिडिओत दुसऱ्याचा हात चालतो आणि तो कधी चुकत नाही. खान अकॅडमीवर मराठीतही गणित आहे आणि फुकट आहे, तिथे व्हिडिओबरोबर सराव असतो, उत्तर टाकलं की लगेच कळतं चूक की बरोबर, त्यामुळे ते आम्ही ठेवलं. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात, तेही अधूनमधून. जिओजेब्रा या आलेख काढायच्या ॲपवर दोन रेषा काढून दाखवल्या, वरच्याच उदाहरणाच्या, त्या बरोबर ३ आणि २ वर छेदल्या, वहिनींनी बोटाने झूम करून करून खात्री केली. पण अभ्यास व्हायचा तो वहीतच.

भाषेचं तर कुणी बोलतच नाही, आणि मराठी माध्यमातून परीक्षा देणाऱ्याला तेच सगळ्यात नडतं. यूट्यूबवर हिंदीत ढीगभर शिकवणं आहे, चांगलंही आहे. पण आपल्याकडे जे वर्गसमीकरण ते हिंदीत द्विघात समीकरण, आपली अंकगणिती श्रेढी तिकडे समांतर श्रेढी, संभाव्यता म्हणजे प्रायिकता, आणि सहगुणक, म्हणजे अक्षराच्या आधीची संख्या, तो तिकडे गुणांक. वहिनी दोन दिवस समांतर श्रेढी शोधत होत्या पुस्तकात, त्यांना वाटलं समांतर रेषांचंच काहीतरी असेल आणि भूमितीचं पुस्तक उघडून बसल्या. गणित तेच आहे हो, पण दोन तासांचा पेपर, ४० गुण, प्रश्न मराठीत, तिथे शब्द ओळखायला वेळ गेला तर सोडवायला कधी घेणार. शिवाय आपल्या बोर्डाच्या पुस्तकात निश्चयक घेऊन दोन समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धत आहे, अर्थनियोजनात जीएसटी आणि शेअर्स आहेत, सीबीएसईवाल्या मालिकेत ते मिळणार नाही. आणि प्रश्नपत्रिकेतल्या त्या "कृती पूर्ण करा" वाल्या चौकटी, त्यांचा सराव आपल्याच पुस्तकातून आणि जुन्या पेपरांमधूनच होतो.

डायजेस्टवर मी सुरुवातीला फार चिडलो होतो, वहिनींनी एक अख्खा सरावसंच त्यातून उतरवून काढला होता, सुंदर अक्षरात, एकही चूक नाही आणि एकही ओळ त्यांची नाही. डायजेस्ट कपाटात ठेवायला सांगितलं, फक्त पुस्तकाच्या मागची उत्तरसूची वापरायची. पण मग वर्गसमीकरणं आली. क्षचा वर्ग = ५क्ष. वहिनींनी दोन्हीकडे क्षने भागलं, क्ष = ५, ताळा केला, पंचवीस बरोबर पंचवीस, खाली बरोबरची खूण. उत्तरसूचीत ० आणि ५. आता ताळा तर चुकला नव्हता! ताळा चुकीचं उत्तर पकडतो, राहून गेलेलं उत्तर पकडत नाही. शून्य असेल तर त्याने भागता येत नाही, आणि क्ष शून्य नाही हे आपल्याला कुठे माहीत होतं, म्हणून भागायचं नाही, सगळं एका बाजूला आणून क्ष सामाईक काढायचा. हे समजावून सांगायला फोनवर मला वीस मिनिटं लागली आणि तरी पूर्ण पटलं नाही, तेव्हा मीच म्हटलं, आता डायजेस्ट काढा, त्यातलं हे एकच उदाहरण बघा, कुठल्या ओळीला त्यांची वाट तुमच्यापेक्षा वेगळी झाली ते शोधा. शोधलं त्यांनी, दुसऱ्या ओळीला. म्हणजे आधी स्वतःचं उत्तर, मग ताळा, मग उत्तरसूची, आणि तरीही गाठ सुटली नाही तरच डायजेस्ट. या क्रमाने ते पुस्तक उपयोगी आहे, उलट्या क्रमाने ते पुस्तक अभ्यास खाऊन टाकतं.

मॉस्कोमध्ये इस्राएल गेलफांड नावाच्या मोठ्या गणितज्ञाने १९६४ साली पत्राने गणित शिकवणारी शाळा सुरू केली होती, लांबलांबच्या गावांतली मुलं उदाहरणं सोडवून टपालाने पाठवायची आणि तपासून परत मिळायची. त्यातून तयार झालेली पुस्तकं आजही छापली जातात, बीजगणिताचंही आहे, फार सुरेख आहे, ज्यांना इंग्रजी चालतं त्यांनी जरूर बघावं, वहिनींच्या परीक्षेला मात्र ते कामाचं नाही. मला त्या शाळेची आठवण येते ती त्या टपालासाठी. कुणीतरी आपली चुकलेली ओळ वाचतंय, उत्तर नव्हे, ओळ, हे ज्या साधनात असेल ते साधन बाकी कितीही साधं असू दे. आमच्याकडे ते व्हॉट्सॲप आहे. मी आधी चूक दुरुस्त करून पाठवायचो, आता चुकलेल्या ओळीवर फक्त एक टिंब देतो, ती का चुकली ते वहिनी शोधतात.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते शाब्दिक उदाहरणांत. एका दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली तर येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी. वहिनींनी दशकाचा अंक क्ष, एककाचा य, आणि संख्या लिहिली क्षय. ३ शेजारी ६ लिहिले की छत्तीस होतात, मग क्ष शेजारी य का नाही? खरं सांगायचं तर प्रश्न अगदी रास्त आहे, आणि मी चाळलेल्या एकाही पुस्तकात याचं उत्तर सरळ दिलेलं मला सापडलं नाही, सगळे थेट १०क्ष + य लिहून मोकळे होतात. बीजगणितात दोन अक्षरं शेजारी आली की गुणाकार, अंकांत शेजारी आले की दशक-एकक, एकाच दिसण्याचे दोन अर्थ. मी पैशांवर आणलं, दहाच्या नोटा क्ष आणि एकाची नाणी य, एकूण किती रुपये? "दहा गुणिले क्ष आणि वर य." तेवढ्यावर गाडी सुटली.

आणि इथे ताळ्याचा आणखी एक भाग शिकवावा लागला. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर उत्तर त्या समीकरणात कितीही वेळा ठेवा, जुळणारच. म्हणून शाब्दिक उदाहरणाचा ताळा समीकरणात नाही, उदाहरणाच्या वाक्यात घ्यायचा, समीकरण झाकून ठेवून.

काल रात्री पावणेअकराला फोटो आला. पान जरा चुरगळलेलं, कोपऱ्यावर खडूची निळी रेघ. क्ष = ३, य = ६, आणि खाली गणिताच्या खुणांशिवाय, साध्या अक्षरात लिहिलेलं: तीन आणि सहा नऊ. छत्तीसचे उलटे त्रेसष्ट. त्रेसष्टातून छत्तीस गेले, सत्तावीस राहिले. जुळलं.

मी टिंब द्यायला जागा शोधत होतो तेवढ्यात पुढचा मेसेज आला. फॉल-बीडिंगला येणारी मुलगी आहे त्यांच्याकडे, नववीतली, सेमी इंग्लिशची, तिचंही वजा चिन्हावरच अडतंय, सातवीचं पुस्तक तिला दिलंय. "भाऊजी, तिचं पुस्तक इंग्रजीत आहे. सहगुणकाला काय म्हणतात हो त्यांच्यात?"

मी लिहिलं, कोइफिशंट.

"थांबा, लिहून घेते."